ताइनो लोकांवर लिहिताय? आधी कोलंबसाचे कान तपासा

ऑक्टोबर आला की कोलंबसावरची भाषणं, लेख आणि व्हिडिओ यांना ऊत येतो. कोलंबसाला कॅरिबियन बेटांवर भेटलेले मूळ रहिवासी म्हणजे ताइनो. त्यांच्याबद्दलच्या चुका बहुतेक त्याच त्या असतात.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे 'तिथल्या भोळ्या लोकांनी पाहुण्यांना देव मानलं.' हे सांगितलं कोणी? कोलंबसानंच. १२ ऑक्टोबर १४९२ला तो बहामातल्या ग्वानाहानी बेटावर उतरला. रोजनिशीतल्या १४ तारखेच्या नोंदीत म्हणतो, आम्ही आकाशातून आलो का, असं हे लोक विचारताहेत. कोणत्या भाषेत विचारलं बुवा? बरोबर नेलेला दुभाषी लुइस दे तोरेस हिब्रू, अरमाईक आणि थोडी अरबी जाणणारा, कारण जायचं होतं चीनच्या खानाच्या दरबारी! ताइनो भाषा जहाजावर कुणालाच येत नव्हती. सगळा कारभार हातवाऱ्यांचा. पुढे शेजारच्या बेटांवरच्या शत्रूंसाठीचा 'कानिबा' हा शब्द कानावर पडला, तर त्यातही त्याला खानाची माणसं ऐकू आली. आणि ज्या नोंदीत आकाशाची गोष्ट आहे, तिथेच पन्नास माणसांत या सगळ्यांना मुठीत ठेवता येईल, असा हिशेबही मांडलेला आहे. म्हणून 'देव मानलं' असं न लिहिता 'देव मानलं असं कोलंबसाला वाटलं' असं लिहा. शिवाय मूळ रोजनिशी हरवली आहे. आपण वाचतो तो बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूनं केलेला गोषवारा, हेही एका वाक्यात सांगून टाकावं.

दुसरी खोट म्हणजे सगळे ताइनो एकाच माळेचे मणी समजणं. १४९२च्या नाताळच्या रात्री कोलंबसाचं जहाज सांता मारिया हैतीच्या उत्तर किनाऱ्याजवळ रुतली. तिथला कासीके, म्हणजे प्रमुख, ग्वाकानागारी यानं होड्या पाठवून माल उतरवून दिला. जहाजाच्या लाकडांतून 'ला नाविदाद' नावाची गढी उभी राहिली आणि ३९ माणसं मागे ठेवून कोलंबस परतला. नोव्हेंबर १४९३मध्ये येऊन पाहतो तर राख आणि प्रेतं. 'ताइनोंनी विश्वासघात केला' असं लिहायचा मोह इथेच होतो. पण कोणत्या ताइनोंनी? ग्वाकानागारीनं बोट दाखवलं ते काओनाबो या दुसऱ्याच कासीकेकडे. आणि मागे राहिलेली मंडळी सोनं नि बायका बळकावत आपसांतही भांडत होती, असं त्या काळच्याच वृत्तांतांत येतं. अशा ठिकाणी माणसाचं नाव लिहा, जमातीचं नको.

'देवीच्या साथीनं ताइनो संपले' हे वाक्य तर तारखांपुढेच टिकत नाही. हिस्पॅनिओलावर, म्हणजे आजच्या हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या बेटावर, देवीची साथ आली १५१८च्या अखेरीस. त्याआधी, १५१४मध्ये ताइनो मजूर स्पॅनिश वसाहतवाल्यांना वाटून देताना झालेल्या मोजणीत सापडले ते जेमतेम २६,०००च्या आसपास. मधल्या काळात काय झालं? १४९५पासून सोनं मिळणाऱ्या भागातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकावर सोन्याचा कर बसला: दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातलं घुंगरू भरेल इतकं सोनं. मग माणसंच वाटून देणारी एन्कोमिएन्दा नावाची पद्धत, खाणी, ओस पडलेली शेतं, उपासमार. साथीनं उरलेल्यांवर घाव घातला; पहिला घाव तिचा नव्हता. १४९२ची लोकसंख्या लिहिताना एकच आकडा ठोकू नका. अभ्यासकांचे अंदाज लाखापासून कित्येक लाखांपर्यंत पसरलेले आहेत.

'नामशेष' हा शब्दही जपून वापरा. बहामात सापडलेल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका ताइनो बाईच्या दातातला जनुकसंच २०१८मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आजच्या पोर्तो रिकोतल्या लोकांशी त्याचं नातं दिसलं.

शेवटी भाषांतराची गंमत. 'ताइनो बटाटे पिकवत' असं लिहिलेलं दिसतं. आपला बटाटा हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याची पाळंमुळं ताइनोंच्या 'बताता'पर्यंत जातात, हे खरं. पण त्यांचा बताता म्हणजे रताळं. बटाटा अँडीज पर्वतातला. त्यांचं मुख्य अन्न होतं कसावा, ज्याच्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा बनतो तेच पीक. कडू जातीचा कंद किसून, विषारी रस पिळून काढून, उरलेला चोथा मातीच्या तव्यावर थापून भाजत. त्याला स्पॅनिश लेखक 'पाव' म्हणतात. मराठीत मात्र सरळ भाकरी लिहा.