आठ अक्षरं, पंचवीस जागा

नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. डेटा एंट्रीच्या ताईंचा फोन आला, "अहो, एका फॉर्मवर गावाचं नाव टाकलं की एरर येतोय." स्क्रीनवर काय दिसतंय विचारलं, तर ‘ॲन एरर ऑकर्ड व्हाइल प्रोसेसिंग धिस रिक्वेस्ट’. झालं, एवढंच.

आमची डेटा सर्व्हिस, म्हणजे फॉर्म आणि डेटाबेसमधला दुवा, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये लिहिलेली. तिथे एक्सेप्शनच्या (प्रोग्रॅम चालताना आलेल्या चुकीच्या) पोटात एक्सेप्शन असतं, आणि सर्व्हिस बाहेर दाखवते ते नुसतं टरफल. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदवहीत, इनर एक्सेप्शन सोलत तळाशी गेलो, तर डेटाबेसचा एरर नंबर ८१५२: ‘स्ट्रिंग ऑर बायनरी डेटा वुड बी ट्रंकेटेड’, म्हणजे मजकूर मावत नाही, कापला जाईल. कुठला कॉलम, कुठली व्हॅल्यू, पत्ता नाही. आमचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर; त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत त्याजागी २६२८ येतो, तो टेबल, कॉलम, कापली जाणारी व्हॅल्यू सगळं सांगतो. आमचा सर्व्हर जुना, म्हणून एकेक कॉलम तपासत बसलो.

गावाचा कॉलम निघाला एनव्हारचार २०, म्हणजे वीस जागांचा. नाव होतं ‘श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वर’. डोळ्यांना अक्षरं आठ. पण डेटाबेस हलन्त, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजतो. एकटा ‘त्र्यं’ सहा जागा खातो. मधली स्पेस धरून पंचवीस!

मग सर्व्हिसमध्ये एररचं साध्या भाषेत भाषांतर करणारा एक थर लिहायला घेतला. पहिला गाढवपणा: मेसेजमध्ये ‘डुप्लिकेट’ शब्द शोधून फाटे फोडले. लॉगिनची भाषा बदलली की मेसेजचीही बदलते. एररचा नंबर बघा: २६२७ आणि २६०१ म्हणजे नोंद आधीच आहे, ५१५ म्हणजे आवश्यक रकाना रिकामा, ५४७ म्हणजे फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणी) किंवा चेक (व्हॅल्यूवरची अट) यांचा भंग. दुसरा गाढवपणा कोड रिव्ह्यूमध्ये पकडला गेला. मी मूळ मेसेज जसाच्या तसा क्लायंटला, म्हणजे वापरणाऱ्याच्या स्क्रीनकडे, पाठवत होतो. २६२७ च्या मेसेजमध्ये डुप्लिकेट व्हॅल्यूच छापलेली असते, म्हणजे एकाचा मोबाइल नंबर नको तिथे पोचणार. आता मूळ मजकूर लॉगमध्ये, आणि बाहेर साधं वाक्य व लॉग शोधायला एक संदर्भ क्रमांक. उत्तरासोबत जाणारा वेबचा स्टेटस कोड सरसकट ५०० (सर्व्हरची चूक) देणंही बंद केलं: डुप्लिकेटला ४०९, लांबी चुकली तर ४००. १२०५, म्हणजे डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं), वापरणाऱ्याला दाखवण्यात अर्थ नाही. आधी सर्व्हिसनेच दोन-तीनदा पुन्हा प्रयत्न करावा.

एक गोष्ट टेबल बनवतानाच करा: कन्स्ट्रेंटला, म्हणजे टेबलावरच्या नियमाला, स्वतः नाव द्या. नाही दिलं तर सर्व्हर स्वतःच एक नाव ठोकतो, मागे हेक्साडेसिमलचं शेपूट लावून. ५४७ आला की नक्की कुठला नियम मोडला हे त्या नावावरूनच ओळखायचं असतं, आणि शेपटाला वाक्य कसं जोडणार?

नवा मेसेज लागला: ‘गावाचं नाव लांब आहे. जागा २०, तुमचं नाव २५. जोडाक्षरं आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.’ दुसऱ्याच दिवशी ताईंचा फोन. "आता कळलं हो सगळं. पण गावाचं नाव मी कसं लहान करू? तुमची जागाच वाढवा की."

वाढवली. १०० केली.