हेलस्टोन कुटुंबाचं आर्क्टिक जगणं पडद्यावर कसं पाहावं

‘लाइफ बिलो झीरो’ ही मालिका नॅशनल जिओग्राफिक वाहिनीवर 2013 साली सुरू झाली. अलास्कात दूर दूर विखुरलेली माणसं तिच्यात भेटतात. कुणी एकट्यानं राहतं, कुणी कुत्र्यांच्या सोबतीनं. मी भूगोल शिकवते आणि या सगळ्यांत मला हेलस्टोन कुटुंब सर्वांत मोलाचं वाटतं. ॲग्नेस इन्युपियाक, म्हणजे उत्तर अलास्काच्या मूळ रहिवाशांपैकी आहे, तिच्या पूर्वजांची हीच भूमी. तिचा नवरा चिप हा मोंटाना राज्यातून तिथे आलेला गोरा माणूस. आणि त्यांच्या बरोबरीनं राबणाऱ्या मुली. निवेदक सतत धोक्याबद्दल बोलतो, संगीतही त्याच सुरात वाजतं. तेवढंच ऐकत राहिलात तर चार भागांनंतर सगळे भाग एकसारखे वाटू लागतील. त्याऐवजी हे एका घराचं वर्षभराचं अन्न जमवणं आहे असं समजून पाहा. मी कशी पाहते, ते सांगते.

सुरुवातीला नकाशा उघडा. अलास्काच्या वायव्य कोपऱ्यात कोट्झब्यू हे समुद्रकाठचं गाव सापडेल. तिथून पूर्वेला, कोबुक नदीच्या मुखाजवळच्या एका फाट्यावर हेलस्टोन कुटुंबाचं गाव नूरविक आहे. बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. ये-जा विमानानं, उन्हाळ्यात होडीनं, हिवाळ्यात स्नोमशीननं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटार-घसरगाडीनं. इंधन आणि जड सामान नदीतलं बर्फ गेल्यावर बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेतून येतं. हे डोक्यात असलं की चिप इंधनाचा हिशेब का मांडतो ते कळतं. शिकार मिळाली नाही, तरी जाळलेलं इंधन परत येत नाही.

पडद्यावर येणारी तापमानाची आणि दिवसाच्या लांबीची पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. उणे 40 ला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एक होतात, तेवढी खूण लक्षात ठेवा. नूरविक आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 19 मैलांवर, म्हणजे तीसेक किलोमीटरवर आहे. त्यामुळे तिथे डिसेंबरातही सूर्य पूर्ण नाहीसा होत नाही. दोन तासांपेक्षा कमी वेळ का होईना, क्षितिजाला घासून जातो. जूनमध्ये मात्र तो मावळतच नाही. डिसेंबरातल्या भागात कुणी घाईनं जाळं ओढताना दिसलं, तर त्या घाईचं कारण पाटीवरच लिहिलेलं असतं.

मग प्रत्येक भाग ऋतूच्या खणात टाका. मी वहीत चार नाही, सहा खण करते, कारण नदी गोठण्याचा आणि फुटण्याचा काळ वेगळाच मोजावा लागतो. साधारण ऑक्टोबरात नदी गोठू लागते आणि मेमध्ये बर्फ फुटून वाहू लागतं. या दोन्ही वेळी होडीही चालत नाही आणि स्नोमशीनचाही भरवसा नसतो. जे घरात आहे त्यावर भागवायचं. बर्फ जाड झालं तरी एक धोका उरतोच. बर्फावर चढून आलेलं पाणी वरच्या हिमाखाली दडून बसतं. तिथे ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात ते हेच. वाहन त्यात रुतलं आणि पाय भिजले, तर त्या थंडीत आधी शेकोटी, बाकी सगळं नंतर.

वसंतात शीफिश येतो. खाडीवरच्या बर्फाला भोक पाडून, गळ वरखाली हलवत तो पकडतात. हा मासा दांडगा असतो, अलास्कातला विक्रम 53 पाउंडांचा आहे. बदकं, हंस आणि पक्ष्यांची अंडी याच सुमाराला मिळतात. उन्हाळ्यात जाळ्यात चम सामन येतो, ऑगस्टात बेरी पिकतात. बर्फाखाली जाळं लावतानाचा प्रसंग आला तर थांबवून पुन्हा पाहा. ओळीनं भोकं पाडायची, लांब काठीनं दोरी एका भोकातून दुसऱ्याकडे सरकवायची आणि मग दोरीमागून जाळं ओढून घ्यायचं. वर्गात चित्र काढून समजावताना मला जे साधत नाही ते इथे मिनिटभरात दिसतं.

सगळ्यांत जास्त वेळ द्या तो शरदातल्या कॅरिबूंना, म्हणजे तिथल्या रानटी रेनडियरना. वर्षभराच्या मांसाचा मोठा वाटा इथेच ठरतो. कळप उत्तरेकडून दक्षिणेला निघतो आणि कोबुक ओलांडतो. नदीवर वरच्या बाजूला ओनियन पोर्टेज नावाची जागा आहे. हजारो वर्षांपासून माणसं तिथे याच जनावरांची वाट पाहत आली आहेत. इन्युपियाक रीत अशी की पुढची जनावरं बिनधोक जाऊ द्यायची. ती बुजली तर मागचा कळप वाट बदलतो. म्हणून होडीतली माणसं समोर कॅरिबू दिसत असूनही गप्प बसलेली दिसली तर कंटाळू नका, शिकारीतलं मुख्य काम तेच चालू असतं.

इथे तारीख फार महत्त्वाची. नर कॅरिबू सप्टेंबरात चरबीनं भरलेला असतो. ऑक्टोबरात तो माजावर आला की मांसाला उग्र वास येतो आणि ते खाववत नाही. मग शिकारी मादीकडे वळायचे. अलीकडच्या वर्षांत कळप उशिरा येऊ लागला आहे, म्हणजे चांगले नर मिळण्याचे दिवसच आक्रसले. त्यात कळपही घटला: 2003 मध्ये इथल्या या कळपात, म्हणजे वेस्टर्न आर्क्टिक कळपात सुमारे 4,90,000 कॅरिबू होते, 2023 च्या मोजणीत 1,52,000 निघाले. पडद्यावर ॲग्नेस काठावर उभी राहून नुसती उत्तरेकडे पाहते तेव्हा हे सगळं त्या पाहण्यात असतं. मला ते दृश्य प्रत्येक वेळी हलवून जातं.

गोळी लागल्यावर बहुतेक जण चहा करायला उठतात. तेव्हाच उठू नका. खरं कौशल्य पुढे आहे. ॲग्नेसच्या हातातला उलू पाहा: अर्धचंद्रासारखं पातं, वर मूठ, सगळा जोर तळव्याचा. कातडं सोलताना ते भोसकत नाही की अडकत नाही. सामन कापताना दोन्ही बाजू शेपटीशी जोडलेल्या ठेवतात, म्हणजे मासा मांडवाच्या दांडीवर टांगता येतो. मांसाला आडव्या चिरा देतात, त्यानं तो आतपर्यंत वाळतो. खाली धूर केला की माश्या बसत नाहीत. मुलींचे हात कुठे आहेत तेही बघत राहा. आधीच्या भागात फक्त धरून उभी असलेली मुलगी पुढच्या एखाद्या वर्षी स्वतः कापताना दिसते. तोंडी सूचना फार कमी असतात. शिकवणं असं चालतं, आणि शिक्षक म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

लहान मुलांबरोबर पाहणार असाल, तर रक्त दिसेल हे आधी सांगा आणि पूर्ण प्रक्रिया दाखवा, अर्ध्यात बंद करू नका. खाण्याजोगं मांस वाया घालवणं अलास्कात गुन्हा आहे, हेही त्यांना सांगा.

आता कायदा. हा भाग निवेदनात चटकन निघून जातो, पण एका घरात दोन कायदे कसे नांदतात ते इथे दिसतं. सील, वॉलरस, ध्रुवीय अस्वल यांची शिकार 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानं बंद केली. सूट मिळाली ती किनारी भागात राहणाऱ्या अलास्काच्या मूळ रहिवाशांना. म्हणून सीलवर गोळी ॲग्नेस झाडते, चिपला तो हक्क नाही. दुसरा कायदा 1980 चा, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीचा. त्यानुसार केंद्राच्या जमिनींवर उदरनिर्वाहाच्या शिकारीत आणि मासेमारीत ग्रामीण रहिवाशांना प्राधान्य मिळतं, वंश कुठलाही असो. त्यामुळे कॅरिबूच्या शिकारीत चिप तिच्या बरोबरीचा ठरतो. प्रत्येक शिकारीच्या वेळी बंदूक कुणाच्या हातात आहे ते पाहा आणि का, ते स्वतःला विचारा.

एक गोष्ट कॅमेऱ्यात कमी येते, ती आपण मनात धरून पाहायची. मालिकेला एकाकीपणा आवडतो, पण नूरविक हे सहाशेहून जास्त वस्तीचं गाव आहे. तिथे शाळा आहे, दुकान आहे, शेजारी आहेत. अलास्काच्या मासे आणि शिकार विभागाच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं चित्र असं, की गावातली साधारण 30 टक्के घरं 70 टक्के रानातलं अन्न आणतात आणि ते घराघरांत वाटलं जातं. होडी, बंदुका, कामाला पुरेशी माणसं ज्या घरात आहेत त्या घराकडून म्हाताऱ्यांना, एकट्या बायांना मांस पोचतं. तेव्हा ढीगभर कॅरिबू पाहून ‘एका कुटुंबाला एवढं कशाला’ असं म्हणण्याआधी हे आठवा.

शेवटी, भाग कोणत्या वर्षीचा आहे ते नक्की तपासा. सुरुवातीच्या वर्षांत त्या भागात कॅरिबूंची मर्यादा दर दिवसाची होती. 2024 पासून ती एका माणसाला वर्षाला 15 अशी झाली आणि त्यांत मादी फक्त एक. कळप नर माजावर आल्यानंतर पोचला तर एका मादीवर हिवाळा काढायचा कसा, हा प्रश्न जुन्या भागांतल्या कुणालाच पडलेला दिसणार नाही. तोच प्रसंग नव्या भागात आला की दोन्ही लागोपाठ लावा.