आधी पाय बघा, मग शुगर

आमच्या केंद्रात डॉक्टर रोज नसतात आणि लॅब तर नाहीच. मधुमेहाचा पेशंट समोर आला की नव्या सिस्टरचा पहिला हात ग्लुकोमीटरकडे, म्हणजे शुगर मोजायच्या यंत्राकडे जातो. मी म्हणते, थांबा, आधी पेशंटचे पाय बघा.

मधुमेहात पाय बधिर होऊ शकतात; ते तपासायला यंत्र लागत नाही. पेशंटला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, घासायचं नाही. कळलं नाही म्हणून तिथेच पुन्हा बोट लावायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली असं धरा. अशा माणसाला खडा टोचला तरी तो चालतच राहतो. म्हणून अनवाणी फिरणं बंद, आणि रोज रात्री तळवे नि बोटांच्या बेचक्या बघायच्या. नजर कमी असेल तर घरच्यांनी बघायच्या. फोड, जखम किंवा लालसर गरम जागा दिसली की त्याच दिवशी यायचं, दुखत नसलं तरी.

इन्सुलिन देताना बाटलीवर ४० लिहिलंय की १०० (एका मिलीलिटरमधली युनिट), ते वाचा; सिरिंजवर तोच आकडा हवा. १०० ची इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरली, तर अंगात ५० युनिट जातात. उलट झालं तर २० ऐवजी फक्त ८. शुगर ‘उगाच’ चढते-उतरते अशी तक्रार आली की मी डोस बदलायचं बोलण्याआधी सिरिंज मागते.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरातली बहुतेक इन्सुलिन खोलीत साधारण चार आठवडे टिकते, उन्हाळ्यात मात्र बाटली पाण्याने ओल्या ठेवलेल्या मडक्यात ठेवा. बर्फाला टेकवू नका. गोठलेली सरळ टाकून द्या.

लांबून येणाऱ्याला उपाशी बोलावू नका, विशेषतः इन्सुलिन घेऊन निघणाऱ्याला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, उपाशीपोटी लागत नाही. फक्त सिकलसेल किंवा बराच ॲनिमिया असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. बसल्या जागी घाम, थरथर सुटली आणि शुगर ७० च्या खाली असली, तर शुद्धीत असताना तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

नोंदवही नावांच्या क्रमाने लावू नका, पुढच्या भेटीच्या आठवड्यानुसार लावा. शनिवारी ज्यांची पानं कोरी दिसतील, त्यांच्या घरी सोमवारी जायचं. पाय बधिर असलेल्यांची घरं आधी.