जीपीएसच्या पल्सची कुठली कडा धरायची?

जीपीएसचा दर सेकंदाला येणारा पल्स (पीपीएस) कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला जोडला, कॉम्प्युटरचं घड्याळ डगमगायचं थांबलं, एवढ्यावर ते बरोबर आहे असं धरू नका. पल्सला दोन कडा असतात: व्होल्टेज वर जातं ती चढती, खाली येतं ती उतरती. त्यातली उलटी कडा पकडलेलं घड्याळसुद्धा तितकंच स्थिर दिसतं. फक्त कायम १०० मिलिसेकंद मागं असतं.

मला ही चूक चालत नाही. खानापूरच्या पुढं जांबोटीकडं पाऊस सरल्यावर आकाश काळंभोर मिळतं, तिथं मी चंद्रामागं जाणाऱ्या ताऱ्यांच्या वेळा टिपतो. चंद्र सेकंदाला साधारण एक किलोमीटर सरकतो. १०० मिलिसेकंद हुकले की चंद्राच्या कडेवरची जागा शंभरेक मीटरनं हुकली.

गोंधळ होतो तो व्होल्टेजमुळं. निओ-६एम सारख्या जीपीएस मॉड्यूलचा पल्स सेकंद सुरू होताना वर जातो आणि कारखान्यातून येतो तसा ठेवला तर १०० मिलिसेकंदांनी खाली येतो. सेकंदाशी जुळलेली असते ती चढती कडा. सिरियल पोर्टच्या १ नंबरच्या पिनवर, म्हणजे डीसीडीवर, धन व्होल्टेज आलं की लिनक्स त्याला ‘असर्ट’ म्हणतं, गेलं की ‘क्लिअर’. गार्मिन १८एक्स एलव्हीसी या जीपीएस रिसीव्हरचा ० ते ५ व्होल्टचा पल्स थेट या पिनला देतात, तिथं चढती कडा म्हणजे असर्ट, काही उलटसुलट नाही.

३.३ व्होल्टचं मॉड्यूल असेल तर मी मधे सिरियल पोर्टला लागणारं व्होल्टेज करून देणारी मॅक्स२३२ घालतो. ही चिप सिग्नल उलटवते: आत वर गेलेला पल्स बाहेर ऋण होऊन निघतो. त्यामुळं सेकंद सुरू होताना डीसीडी पडतो, आणि खरी कडा ‘क्लिअर’मध्ये नोंदली जाते. बाजारात मिळणाऱ्या छोट्या बोर्डांवर बहुतेक वेळा एकच चॅनेल जोडलेला असतो. चिपची १० नंबरची पिन रिकामी आहे ना बघा, तिथं पल्स द्या, आणि ७ नंबरवरून कॉम्प्युटरच्या डीसीडीला बारीक तार डाग मारून न्या. कॉम्प्युटर शक्यतो खऱ्या सिरियल पोर्टचा जुना डेस्कटॉप घ्या. यूएसबीच्या केबलनं मिलिसेकंदाची डगमग येते, मग एवढा खटाटोप कशाला?

आता मोजा. आधी घड्याळ इंटरनेटवरून लावा, म्हणजे ते काही मिलिसेकंदांच्या आत येतं. लिनक्सची एलडीअटॅच ही कमांड १८ नंबरनं (हा पीपीएसचा नंबर) पोर्टला लावा आणि कडांच्या वेळा दाखवणारी पीपीएसटेस्ट ही कमांड चालवा. दर सेकंदाला असर्ट आणि क्लिअर अशा दोन वेळा दिसतील. दशांश चिन्हापुढचे आकडे वाचा. असर्ट .१०० च्या आसपास आणि क्लिअर .००० च्या आसपास असेल, तर तुमची कडा क्लिअर. इंटरनेट नसेल तर वजाबाकी करा: असर्टपासून पुढच्या क्लिअरपर्यंत ०.१ सेकंद गेला तर असर्ट खरी, ०.९ गेला तर क्लिअर. पल्स नेमका अर्ध्या सेकंदाचा असेल तर वजाबाकीतून काहीच कळत नाही, आधी त्याची रुंदी कमी करून घ्या.

कडा क्लिअर निघाली, तर घड्याळ लावणाऱ्या प्रोग्रामला ते सांगा. क्रोनी हा प्रोग्राम असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पीपीएसच्या ओळीत उपकरणाच्या नावापुढं कोलन देऊन ‘क्लिअर’ लिहा. एनटीपीडी हा दुसरा प्रोग्राम असेल तर त्यात २२ नंबरच्या ड्रायव्हरला फ्लॅग-२ ला १ द्या. मॉड्यूलच्या सेटिंगमध्येही पोलॅरिटी उलटवता येते, पण मी ती कारखान्यातली तशीच ठेवतो: मॉड्यूलवरची बॅटरी संपली की ते सेटिंग पुसलं जाऊ शकतं. दोन्हीकडं उलटवलंत तर पुन्हा मूळ चुकीवर याल. आणि ०.१ सेकंदाची भर घालून चूक झाकू नका. उतरत्या कडेची वेळ नेमकी असेलच याची कुणी हमी देत नाही.

शेवटी क्रोनीची सोर्सेसची यादी बघा. इंटरनेटचे सगळे सर्व्हर एकाच दिशेला सुमारे १०० मिलिसेकंद लांब दिसले, तर कडा उलटीच आहे. एक-दोन सर्व्हर काही मिलिसेकंद इकडं-तिकडं असले तर काळजी नको, तो लाइनचा उशीर.

आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते-येते, म्हणून एलडीअटॅच मशीन सुरू होतानाच चालेल असं बसवून ठेवा. बोर्ड किंवा केबल बदलली की पीपीएसटेस्ट पुन्हा चालवा, कारण नव्या बोर्डात सिग्नल एकदा जास्त किंवा एकदा कमी उलटलेला असू शकतो.