गलाईवर नवीन आलेल्या पोरांनो, फ्लॅटचाही टंच काढा

खानापूर-आटपाडीकडून गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, कोइमतूरला आलात, राजा स्ट्रीटजवळच्या माळ्यावर झोपायची सोय झाली. इडली-सांबार महिनाभरात अंगवळणी पडेल. तमिळमधले आकडे तेवढे आधी शिका, गिऱ्हाईक आकड्यातच बोलतं. दोन-तीन वर्षांनी हातात चार पैसे खेळायला लागले की गावाकडून फोन येतोच, "सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट बघितलाय, भाडं बसून येईल." हे त्या फोनसाठी लिहितोय.

सोन्याची मोड, म्हणजे जुने तुटके दागिने, घेताना आपण नुसत्या वजनाचे पैसे देतो का? मुशीत टाकतो, टाकणखार घालतो, लगड ओततो, टंच काढतो म्हणजे शुद्धता तपासतो आणि शुद्ध निघेल तेवढ्याचेच मोजतो. भाड्याचा हिशेबही असाच करा.

समजा फ्लॅट ४० लाखांचा आणि भाडं महिन्याला १०,०००. एजंट सांगणार, वर्षाला १,२०,००० म्हणजे ३ टक्के. आता भट्टीत घाला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, रंगकाम धरून फ्लॅट पडतो समजा ४३ लाखांना. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा गेला, आले १,१०,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १४,४००, घरपट्टी ६,०००, दुरुस्ती १०,०००, एजंट आणि करार ५,६००. उरले ७४,०००. त्याला ४३ लाखांनी भागलं की पावणेदोन टक्केसुद्धा भरत नाहीत. त्यावर प्राप्तिकर वेगळा. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, एवढाच दिलासा. आणि ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढलं, तर पहिल्या वर्षाचं व्याजच अडीच लाखांच्या पुढं. भाड्यातून हप्ता फिटेल असं सांगणाऱ्यासमोर ही बेरीज कागदावर मांडा.

किंमत वाढेल हे खरं असू शकतं. पण तो वेगळा हिशेब, तो भाड्यात मिसळू नका.

माझी घट, म्हणजे माझं नुकसान सांगतो. २०१२ साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून फार लांब नाही अशा ठिकाणी तळमजल्याचा फ्लॅट घेतला, स्वस्त मिळाला म्हणून. पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. भाडेकरूची दोन लहान पोरं होती, ते गेले ते परतलेच नाहीत. दारं फुगली, वायरिंग नवीन केलं, सहा महिने कुलूप. दोन वर्षांचं भाडं त्यातच गेलं. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते.

भाडेकरू कोण मिळणार हे आधी बघा. विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची पोरं, मिरजेत दवाखान्यातले डॉक्टर, नर्स. विद्यार्थी सुट्टीत खोली सोडतात, दवाखान्यातली माणसं टिकतात. म्हणून मला मिरज बरी वाटते.

करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवायचाच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जाऊ शकतात. आपण इथं, फ्लॅट तिथं, म्हणून "भाऊ बघतोय" यावर सोडू नका.

आणि टोकन द्यायच्या आधी पावसाळ्यात एकदा गाडी पकडून जा. बिल्डिंगसमोरच्या टपरीवर चहा घ्या आणि विचारा, २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हातानं दाखवेल.