आवरायचा मूड येत नाही? आधी रद्दीवाल्याला फोन करा

घर आवरायचंय, आवरायचंय असं आपण चार-चार महिने म्हणतो आणि रविवार उजाडला की माळ्याकडे नुसतं बघूनच दमायला होतं. हा आळशीपणा नाही हो. "अख्खं घर" हे एक काम म्हणून डोक्यात मावतच नाही, मग हात कुठून उचलणार? मूड यायची वाट बघत बसलात तर तो येत नाही, काम सुरू झालं की मागून येतो, पण सुरुवात व्हायला कुणीतरी दारात यायला लागतं.

म्हणून मी आधी रद्दीवाल्याला फोन करते, दादा शनिवारी 11 ला या. आता तो बेल वाजवणार हे नक्की झालं की शुक्रवारी जेवणं झाल्यावर पेपरचे गठ्ठे, मिठाईचे खोके, मुलांच्या मागच्या वर्षीच्या वह्या आपोआप बाहेर निघतात (कोरी पानं आधी फाडून घ्या, हिशोबाला होतात). आणि सामान त्याच दिवशी घराबाहेर जातं, हे फार महत्त्वाचं, कारण काढलेली पिशवी गॅलरीत पंधरा दिवस पडली की त्यातलं अर्धं परत आत येतं, माझ्याकडे कितीदा झालंय हे.

पहिल्या दिवशी आईची साडी, बाळाचं झबलं, जुने फोटो यांना हात लावू नका प्लीज. तिथे बसलात की तास जातो आणि रडू येतं ते वेगळंच. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या डब्यांपासून सुरू करा, त्यांच्यात जीव अडकलेला नसतो. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, पार्सलचे सगळे डबे ओट्यावर काढायचे, झाकणांच्या जोड्या लावायच्या, ज्याला झाकण नाही ते बाहेर. 20 मिनिटांचं काम आहे पण कप्पा रिकामा दिसला ना की पुढचा कप्पा स्वतःहून उघडावासा वाटतो, हाच तो मूड.

कपड्यांना बोहारीण. तुमच्याकडे अजून येत असेल तर चांगले धड कपडे तिला द्या, बदल्यात स्टीलचं भांडं मिळतं, फक्त एकच घ्या नाहीतर चार पातेली येऊन परत तेच. फाटक्या सुती साड्या, धोतरं गोधडीला ठेवा, पण खरंच कुणी शिवणार असेल तरच. ओटीतले ब्लाउजपीस आणि संक्रांतीची वाणं एका पिशवीत एकत्र ठेवा, पुढच्या हळदीकुंकवाला लागतात. जुने मोबाईल, चार्जर रद्दीत टाकू नका, ई-कचरा वेगळा घेतात तिथे द्या, आणि मोबाईल देण्याआधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन तो पूर्ण रीसेट करा. औषधांच्या पट्ट्यांवरच्या तारखा बघायच्याच, त्याला कंटाळा नको.

सगळ्यात नाजूक म्हणजे घरातल्या मोठ्यांच्या वस्तू. सासूबाई गावाला गेल्यात म्हणून त्यांची पितळेची भांडी मोडीत घालायची, असं अजिबात करू नका, त्यांच्यासाठी तो संसार असतो. माळ्यावरनं सगळं खाली काढा, त्यांना खुर्ची द्या आणि यातलं कुणाला काय द्यायचंय ते विचारा. आमच्या आईंनी दोन घागरी भाचीला दिल्या, एक तपेलं ठेवलं, ते आम्ही कल्हई करून घेतलं आणि गणपतीत खीर त्यातच केली, माळ्यावर पडून होतं तेव्हा कुणाला त्याची आठवणही नव्हती.

दिवाळीसाठी करणार असाल तर नवरात्रातच पहिला फोन लावा. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम 20 दिवस असतात आणि शेवटच्या आठवड्यात रद्दीवाले फोन उचलत नाहीत.