फुंकर कुठून शिरते? ॲनिमेशनपटासाठी बँडची वाद्यं घडवताना

थ्रीडी मॉडेलिंग शिकणाऱ्या नवशिक्याचं पहिलं ट्रम्पेट दिसायला बहुतेक वेळा बरं असतं. पितळ चमकतं, भोंगा फुललेला असतो, तीन पिस्टन रांगेत उभे असतात. मग फाइल ॲनिमेटरकडे जाते. तो मधला पिस्टन दाबायला बघतो, तर पिस्टन, नळ्या आणि बूड सगळं एकाच मेशमध्ये (मॉडेलच्या जाळीत) चिकटलेलं निघतं. दुसऱ्या कुणीतरी ट्रॉम्बोन पाठवलेला असतो. त्याची सरकनळी ओढली की आत काहीच नसतं. चित्रपटातलं वाद्य कुणीतरी वाजवणार आहे, हे पहिल्या दिवशी विसरलं की असं होतं. म्हणून कुठलंही वाद्य घेताना एकच प्रश्न धरून बसा: फुंकर, काठी किंवा नखी कुठे लागते, आणि तिथून भोंग्यापर्यंत काय काय हलतं?

पुढचं सगळं ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर धरून लिहिलं आहे. ते फुकट आहे आणि गट वेगवेगळ्या गावांत विखुरलेला असला की सगळ्यांकडे एकच सॉफ्टवेअर असणं फार सोयीचं पडतं. सगळ्यांची आवृत्तीही एकच हवी. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्यात उघडताना काही गोष्टी गळतात, त्यामुळे प्रकल्प मध्यावर असताना कुणीही परस्पर अपडेट करू नये.

नागपुरात संदर्भाला तोटा नाही. लग्नसराईत वरातीचा बँड गल्लीतून जातोच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतीच्या (अनिष्टाचे पुतळे हाकलण्याच्या) मिरवणुकीत ढोल, ताशे आणि पितळी वाद्यं एकाच रस्त्यावर सापडतात. मात्र मिरवणुकीतले फोटो कामाचे ते ढब समजण्यापुरते: पट्टा खांद्यावर कसा बसतो, ताशा कमरेला किती उंचीवर लटकतो, युफोनियमवाला मान कुठे वळवतो. मापं घ्यायची तर मुहूर्त नसलेल्या दिवसांत दुपारी बँडवाल्याच्या दुकानात जा, आधी विचारा, चहा पाजा, मग टेप लावा. फोटो काढताना वाद्यापासून तीन-चार मीटर लांब उभे राहा आणि झूम करा. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत पुढचा भोंगा खऱ्यापेक्षा मोठा आणि मागचं तोंड बारीक दिसतं. त्यावरून मॉडेल केलं की सगळं प्रमाण बिघडतं. टेप वाद्याला लागूनच, फोटोत दिसेल अशी ठेवा. समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि पिस्टनचा जवळून, एवढे फोटो पुरतात.

आता ट्रम्पेट. बी-फ्लॅट ट्रम्पेट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४८ सेंमी, पण आतली नळी उलगडली तर जवळपास १.४८ मीटर भरते. नळीचं आतलं भोक ११.७ मिमीच्या आसपास, भोंग्याचा व्यास साधारण १२.३ सेंमी. एकक मेट्रिक ठेवा आणि वाद्य खऱ्या मापातच बनवा. एवढ्या लहान वस्तूच्या जवळ गेलं की व्ह्यूपोर्टमध्ये (कामाच्या खिडकीत) ती कापल्यासारखी दिसते, कारण क्लिप स्टार्ट (ज्याहून जवळचं काही दिसत नाही ते अंतर) मुळात १ सेंमीवर असतो. तो ०.००१ मीटर करा. वाद्य दहापट मोठं करून काम सोपं करायच्या मोहात पडू नका. शेवटी लहान करताना बेव्हल (कडांची गोलाई), सॉलिडिफाय (पत्र्याची जाडी) यांची मापं गडबडतात आणि स्केल अप्लाय न केलेलं (बदललेलं माप पक्कं न केलेलं) वाद्य पात्राच्या हातात दिलं की रिगवाला (पात्राला हाडं-सांधे बसवणारा) तुमच्या नावाने खडे फोडतो.

नळ्या सिलिंडर वाकवून करू नका. बेझियर कर्व्ह (बिंदू आणि त्यांच्या हँडलांनी वळणारी रेघ) काढा आणि त्याला बेव्हल (इथे नळीची जाडी) द्या, खोली ०.००६४ मीटर, म्हणजे बाहेरची त्रिज्या. वळणं अर्धवर्तुळाकार असतात आणि इथेच बहुतेकांची नळी अंड्यासारखी होते, कारण ते दोनच बिंदूंमध्ये अख्खं अर्धवर्तुळ ओढतात. त्याऐवजी बेझियर सर्कल घ्या, एक बिंदू काढा, सायक्लिक (टोकं एकमेकांना जोडणं) बंद करा. तीन बिंदूंचं नेमकं अर्धवर्तुळ उरतं. हातानेच करायचं असेल तर काटकोनी वळणात हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५ पट ठेवा. भोंग्यासाठी मात्र अर्धी कड काढून तिला स्क्रू मॉडिफायर (कड अक्षाभोवती फिरवून आकार देणारा) लावा, ३६० अंश, ४८ पायऱ्या. भोंगा नरसाळ्यासारखा सरळ पसरत नाही. बराच वेळ नळी नळीच राहते आणि शेवटच्या आठ-दहा सेंटिमीटरमध्ये झपाट्याने फुलते. कडेपासून पाच सेंमी आत गेलं की व्यास निम्म्याहूनही कमी होतो. कडेला पत्रा गुंडाळलेला असतो, तिथे दोनेक मिलिमीटरची गोल कड हवीच, नाहीतर भोंगा कागदाचा वाटतो.

हवेचा मार्ग नीट बघा. तोंडाकडून येणारी नळी पुढे जाते, ट्यूनिंग स्लाइडच्या वळणातून मागे येते आणि तिसऱ्या पिस्टनमध्ये शिरते. मग दुसरा, मग पहिला, आणि पहिल्यातून भोंग्याकडे. पहिला म्हणजे वाजवणाऱ्याच्या सर्वांत जवळचा. नवखे लोक हटकून हे उलटं जोडतात. दिसायला फरक बारीक, पण ट्रम्पेट वाजवणारा प्रेक्षक पहिल्याच क्लोजअपला हसतो. दुसऱ्या पिस्टनची बाजूची नळी सर्वांत आखूड असते आणि तिसऱ्याची सर्वांत लांब, कारण दुसरा स्वर अर्ध्या टप्प्याने (सेमीटोनने) उतरवतो, पहिला एका टप्प्याने आणि तिसरा दीड. वाजवणाऱ्याच्या नजरेतून भोंगा पिस्टनच्या डाव्या बाजूला येतो. संदर्भाचा फोटो चुकून उलटा लागला तर डावखुरं ट्रम्पेट तयार होतं. पाणी काढायची चावी विसरू नका. गाणं संपल्यावर थुंकी झटकणं ही ॲनिमेटरला आयती मिळणारी हालचाल आहे.

पिस्टन तीन वेगळे ऑब्जेक्ट, ऑल्ट-डी करून, म्हणजे मेश एकच राहतो आणि दुरुस्ती एकदाच करावी लागते. प्रत्येकाचं ओरिजिन (हलण्या-फिरण्याचा मूळ बिंदू) वरच्या बटणाच्या मध्यावर, झेड अक्ष दांड्याच्या दिशेने. दाब दीड सेंटिमीटरच्या किंचित वर असतो. लिमिट लोकेशन (हालचालीला हद्द घालणारी अट) लावून तो लोकल स्पेसमध्ये (वस्तूच्या स्वतःच्या अक्षांवर) ० ते -०.०१७ असा बांधा. त्यावर ० ते १ अशी एकेक प्रॉपर्टी ठेवून ड्रायव्हर (आकड्यावरून भाग हलवणारी जोडणी) जोडा. मग ॲनिमेटर बोटांचा तक्ता बघून नुसते आकडे भरतो: अर्धा टप्पा उतरायचा तर दुसरा, एक टप्पा तर पहिला, दोन टप्पे तर दुसरा-तिसरा, आणि तिन्ही दाबले की तीन टप्पे.

कार्टून पात्राला बहुधा तीन बोटं आणि अंगठा असतो. ट्रम्पेटला उजवी तीनच बोटं लागतात, काम भागतं. क्लॅरनेटलाही मुख्य भोकं तीन आणि तीन, त्यामुळे डावा हात वर, उजवा खाली ठेवला की चार बोटांत बसतं. करंगळीच्या चाव्या तेवढ्या उघड्या राहतात. पण बोटं जाड असतात. म्हणून पात्राची फाइल आधी मागून घ्या, हात पकडीच्या स्थितीत आणा आणि मगच पिस्टनमधलं अंतर ठरवा. खरं माप पाळून बोटं एकमेकांत घुसत असतील तर माप सोडा. सिनेमात हात जिंकतो.

ट्रॉम्बोनचं थोडक्यात. आतल्या दोन नळ्या जागच्या जागी आणि पूर्ण लांबीच्या, बाहेरची यू-नळी वेगळी. सात जागा असतात, पण त्या सारख्या अंतरावर नसतात. नळी २.७ मीटरची धरली तर पहिलीहून दुसरीला सुमारे ८ सेंमी आणि सहावीहून सातवीला साधारण १०.७ सेंमी ओढावं लागतं. नळी लांबत जाते तसा पुढच्या अर्ध्या टप्प्याला जास्त तुकडा लागतो. सातव्या जागेपर्यंत एकूण ५६ सेंमी भरतात. पात्राचा हात तिथवर पोचतो का, ते तपासा.

ढोलताशांचं मॉडेल सोपं वाटतं आणि म्हणूनच ढिसाळ होतं. साइड ड्रम १४ इंची, म्हणजे ३५.६ सेंमी. कडेचे आठ खुंटे हाताने ठेवू नका. एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी खूण) ४५ अंश फिरवून ॲरेला (एका वस्तूच्या प्रती मांडणाऱ्या मॉडिफायरला) ऑब्जेक्ट ऑफसेट म्हणून द्या. चामड्याला शेप की (बदललेला आकार साठवणारी सोय) हवी. काठी लागेल तिथे ते चार-पाच मिलिमीटर दबतं, पण लांबच्या शॉटमध्ये एवढ्याने काहीच कळत नाही, तिथे दोन सेंमीपर्यंत खुशाल वाढवा. ताशा उथळ भांडं आहे, दोन बारीक काठ्यांनी वाजतो. ढोल एका बाजूला टिपरूने आणि दुसरीकडे हाताने. त्यामुळे ढोलाच्या दोन पानांवरची झीज सारखी नसते. एकीकडे मधोमध गोल डाग, दुसरीकडे पसरट.

आणि एक खबरदारी. आपल्याकडे बँजो म्हणतात तो टाइपरायटरसारख्या चाव्यांचा बुलबुलतरंग असतो. गटातला दुसऱ्या देशातला माणूस यादीत ‘बँजो’ वाचून गोल चामड्याचा, लांब मानेचा अमेरिकी बँजो बनवून मोकळा होतो. यादीत नावाशेजारी फोटो हवाच.

पितळाला मेटॅलिक १ ठेवा. ०.५ वगैरे अधलंमधलं ठेवलं की सोनेरी प्लास्टिक दिसतं. रफनेस ०.२ च्या आसपास. पण धातूला प्रतिबिंबायला काहीतरी लागतं. रिकाम्या करड्या दृश्यात सर्वांत चांगलं पितळही चिखलासारखं दिसतं, म्हणून एचडीआरआय (भोवतालच्या उजेडाचं चित्र) लावल्याशिवाय मटेरियलवर वेळ घालवू नका. वरातीतल्या वाद्यांना पोचे, डागाचे ठिपके, हात लागून काळवंडलेल्या जागा असतात. भोंग्याच्या आत १५ सेंमीपर्यंत कॅमेरा बघतो, तेवढं तरी नीट करा. फेस ओरिएंटेशन (पृष्ठभागाची बाहेरची बाजू निळी, आतली लाल दाखवणारी सोय) चालू करून बाहेरून दिसणारं सगळं निळं आहे ना ते बघा, लाल दिसेल तिथे शिफ्ट-एन दाबून दिशा सुधारा.

काल्पनिक वाद्यात लोक मोकाट सुटतात. इथे मारबतीतले बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, बघण्यासारखे आहेत. कागद, रंग आणि वर्षभराचा राग, सगळं अतिशयोक्त. पण आतला बांबूचा सांगाडा खरा असतो, म्हणून पुतळा गर्दीतून उभा जातो. काल्पनिक वाद्याचा सांगाडा म्हणजे चार उत्तरं: काय थरथरतं, जोर कोण देतं, स्वर कशाने बदलतो, आवाज कुठून निघतो. आणि दोनच ओळखीच्या वस्तू जोडा. तिसरी घातली की खिचडी.

उदाहरणादाखल कूलर आणि सनई जोडू. पेटी ६० बाय ६० बाय ९० सेंमी, आत पंखा. पंखा हवा देतो, म्हणजे जोर. पेटीच्या माथ्यावर सनईची जिव्हाळी बसवलेल्या आठ नळ्या, टोकाला पितळी भोंगे. सा ८० सेंमीचा धरला तर रे ७१, ग ६४, म ६०, प ५३, ध ४८, नि ४३ आणि वरचा सा ४०. लांबी अशी स्वरांच्या प्रमाणात उतरली की वरची रेघ आपोआप वाकते आणि डोळ्याला ती ‘खरी’ वाटते. सरळ जिन्यासारखी उतरवली की शोभेची. प्रत्येक नळीखाली एक झडप, वाजवणारा दांड्याने उघडतो. झडपा आठ, मेश एक, आणि ओरिजिन बिजागरीच्या कडेवर. ते पत्र्याच्या मध्यावर राहिलं की झडप उघडताना अर्धी पेटीत घुसते. ० ते ७० अंशांवर बांधा. कूलरच्या जाळीतल्या गवतासाठी हेअर पार्टिकल (केसांसारखे तंतू) वापरू नका, रेंडर (अंतिम चित्र काढणं) रडवतं. पारदर्शक टेक्श्चरचे पट्टे लावा, दोन मीटरवरून कुणाला कळत नाही. शेवटी सगळं काळं करून अंगठ्याएवढं लहान बघा. कूलर कळला आणि भोंगे कळले तर झालं.

फाइल देताना नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता: प्रकार, वाद्य, तीन अंकी आवृत्ती. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंफायनल’ चालत नाही. वाद्याचं एकच मुख्य कलेक्शन (भागांचा संच) ठेवा आणि ते दुसऱ्यांनी लिंक केल्यावर त्याचं नाव बदलू नका, शॉटच्या फाइलमधून वाद्य गायब होतं. मूळ कर्व्ह वेगळ्या कलेक्शनमध्ये लपवून ठेवा. दिग्दर्शक भोंगा वाढवायला सांगतोच. पुढच्या रांगेतल्या वाद्याला २०४८ पिक्सेलचं टेक्श्चर, मागच्यांना १०२४ पुरे.

काम मागायला जाताना फिरत्या रेंडरसोबत जाळीचं चित्र आणि पिस्टन दाबतानाची दहा सेकंदांची चित्रफीत द्या. बघणाऱ्याला चकाकीपेक्षा तीच जास्त सांगते.

मे महिन्यात रेंडर रात्री लावा, आणि कूलरची ओली हवा थेट सीपीयूवर येणार नाही असं टेबल सरकवा.

पाठवण्याआधी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये, जमल्यास दुसऱ्याच मशीनवर उघडा. वाद्य गुलाबी दिसलं तर टेक्श्चरचे मार्ग रिलेटिव्ह (फाइलच्या जागेपासून मोजलेले) झालेले नाहीत. ते दुरुस्त करा, आवृत्तीचा आकडा एकने वाढवा आणि मग पाठवा.